पाला खुडण्याचे दिवस

नांदेडच्या भाजीबाजारात हरभऱ्याचा पाला दिसायला लागला की मी स्कूटी बाजूला लावते, एक वाटा घेते आणि त्यातला एक शेंडा तिथंच उभ्याउभ्या तोंडात टाकते. पाला विकणारी बाई दरवर्षी म्हणते, "मॅडम, धुवून तरी खावा." मी दरवर्षी सांगते की धुतल्यावर त्यात राहतंय काय. मग ती वाट्यावर मूठभर जास्त ठेवते आणि माझ्याकडे जरा काळजीनं बघते. कॉलेजात शिकवणारी बाई रस्त्यात उभी राहून पाला चावते, हे तिला अजून पटलेलं नाही.

हरभऱ्याच्या पानांवर एक आंबट ओल असते. तिला आंब म्हणतात. सकाळी रानातून चाललं की साडीचा काठ तिनं भिजतो, पायाच्या भेगा चरचरतात, आणि बोट चाटलं तर कानापर्यंत झिणझिण्या जातात. आमच्याकडची जुनी माणसं रात्री हरभऱ्यावर पांढरं धोतर पसरून ठेवायची आणि सकाळी ते पिळून आंब बाटलीत भरायची. पोट दुखलं की चमचाभर. लहानपणी मी त्या बाटलीला एवढी भ्यायचे की पोट दुखलं तरी गुमान बसायचे.

पाला खुडायचे दिवस थोडे. दिवाळी मागं पडलेली असते, थंडी अंगाला लागायला सुरुवात झालेली असते, हरभरा वीतभर वाढलेला असतो आणि फुलाला अजून अवकाश असतो. त्या मधल्या दिवसांत शेंडे खुडून घ्यायचे. फूल दिसलं की हात आवरायचा. शेंडा मोडला की रोपाला बाजूनं फुटवे फुटतात, हे आमच्याकडं शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं आणि शाळेत गेलेल्याला परीक्षेपुरतं माहीत असतं. आता इथं एखाद्यानं लगेच लिहिलं असतं की माणसाचंही असंच असतं, शेंडा मोडल्याशिवाय तो फुटत नाही वगैरे. मी हरभऱ्यावर अर्धं आयुष्य काढलंय, त्यामुळे मला असला मोह होत नाही. रोप ते रोप आणि माणूस ते माणूस.

हरभरा हाच माझा विषय. कुठलं वाण कमी पाण्यावर तग धरतं, हे बघण्यात माझी हयात चालली आहे. मी मूळची लातूरची. वडिलांचं, अप्पांचं, मोंढ्याजवळ डाळींचं दुकान, आणि चाकूरच्या अलीकडं थोडं रान. आजोळ कर्नाटकाच्या शिवेवरचं, म्हणून आमच्या घरात आईला अव्वा म्हणतात. नांदेडला शिकले आणि पुढं हरभऱ्यावर संशोधन करायला कॅनडात गेले. हे शेवटचं वाक्य लातुरात कुणालाही सांगितलं की पुढचा माणूस थांबतो. दुकानातल्या एका जुन्या गिऱ्हाइकानं तर अप्पांना तोंडावर विचारलं होतं, "लातुरात हरभऱ्याची काय कमी पडली व्हती का?" अप्पांनी काट्यावरची नजर न काढता सांगितलं, "हितला खाऊन झाला तिचा. आता तिथला बघाया गेली."

तिथला हरभरा मी पहिल्यांदा बघितला तो काचेखाली. प्रयोगशाळेला जोडून मोठं ग्रीनहाऊस होतं. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत दिवे लावून, हीटर चालवून तयार केलेला मार्गशीर्ष. दार उघडून आत गेलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि तो पुसेपर्यंत ओल्या मातीचा वास नाकात भरलेला असायचा. पहिल्या हिवाळ्यात काम नसलं तरी मी तिथं जाऊन बसायचे. लाज वाटायची म्हणून हातात मोजपट्टी ठेवायचे. कुणी आलं की रोपाची उंची मोजायला लागायचे.

माझ्या वरिष्ठ होत्या हेलन बाई. उंच, सावकाश बोलणाऱ्या, दुपारच्या जेवणाला रोज एक सफरचंद आणि चीजचा तुकडा. एखादं काम दाखवल्यावर त्या 'इंटरेस्टिंग' म्हणाल्या की समजायचं, काम फसलंय. आपल्याकडं माहीत नसलं तरी काहीतरी बोलायचं असतं, गप्प बसला तो नापास. तिथं मी पहिल्यांदा 'मला माहीत नाही' हे वाक्य बोलायला शिकले. बोलले तेव्हा घाम फुटला होता. हेलन बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, बरं झालं, आता कामाला सुरुवात झाली. त्या वर्षांनी मला जे काही दिलं त्यात हे वाक्य सगळ्यात वरती आहे.

आणखी एक गोष्ट होती, ती अंगवळणी पडायला फार वेळ लागला. तिथं सगळ्याला नाव असायचं. प्रत्येक कुंडीत एक पांढरी पट्टी, तिच्यावर वाणाचा क्रमांक, पेरणीची तारीख आणि मालकाची सही. फ्रीजमधल्या डब्यांवर नावं, दुधाच्या बाटलीवर नाव. सुरुवातीला मी चिवड्याचा डबा नाव न घालता सगळ्यांसाठी ठेवला, तर तो कुणाचा हे कळेना म्हणून सगळे त्याला वळसा घालून जात राहिले. आमच्याकडं नाव नसलेला डबा म्हणजे सगळ्यांचा. रानातही तेच. वाटेनं जाणारी बाई ओटीभर पाला खुडून निघाली तर कुणी हटकत नाही. उलट रानाचा मालकच बांधावरनं हाक मारतो, "बाई, ह्या दोन ओळींतलं बी खुडा की." कुणी कुणाला विचारत नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काही नसतं.

तिसऱ्या वर्षी माझी मुदत संपत आली होती. मोठा प्रयोग चालू होता, तो झाला की काम पुरं होणार होतं. हेलन बाईंनी मात्र पुढं कायमचं राहण्याबद्दल विचारलं होतं. मी त्यांना 'बघते' म्हणाले होते. घरी फोनवरही 'बघू' म्हणायचे. खरं म्हणजे मला काय करायचंय ते मला माहीत नव्हतं, आणि गंमत अशी की जे वाक्य हेलन बाईंपुढं सहज बोलता यायचं ते घरी बोलायची हिंमत नव्हती.

अप्पा कधीच विचारायचे नाहीत. पाऊसपाणी सांगायचे, तुरीचा भाव सांगायचे, आणि फोन ठेवायचे. मग त्या वर्षी ओळखीतलं एक कुटुंब तिकडं निघालं होतं, त्यांच्याबरोबर त्यांनी अव्वाला पाठवून दिलं. अव्वा उतरली ती ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि विभूतीची डबी घेऊन. विमानतळावरून घरी येताना बसमध्ये खिडकीबाहेरचं पांढरं रान बघत ती म्हणाली, "तुज्या अप्पानं सांगितलंय, तिला काई इचारू नको. ती यायची का न्हाई, ते निस्तं बघून ये."

"मग मला का सांगायलीस?"

"तुला इचारलं कुठं? सांगितलं."

म्हणजे माझी पाहणी सुरू झाली होती आणि ती कशासाठी आहे हेही मला ठाऊक होतं. अव्वानं पहिल्या दिवशी ताटं मोजली. दोन होती. दोन ताटांवर कुणी संसार मांडत नाही, असं तिनं मनाशी धरलं असावं, कारण त्या दिवशी ती खुशीत होती. दुसऱ्या दिवशी तिनं माझा नवा जाड कोट हातात घेऊन त्याची शिवण बघितली. "लई वर्सं टिकंल हे," म्हणाली आणि कोट परत खुंटीला अडकवला. सकाळी अंघोळ करून ती खिडकीशी बसायची, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि मध्येच डोळे उघडून मी काय करतेय ते बघायची. मला हसू यायचं. भीतीही वाटायची, कारण मला वाटायचं, जे मला कळत नाही ते हिला माझ्याकडं बघून कळेल.

हेलन बाई म्हणाल्या, आईला घेऊन या, ग्रीनहाऊस दाखवू. अव्वा इरकली साडीवर माझा जुना कोट घालून आली. हेलन बाईंना तिनं दोन्ही हात जोडून "शरणू" म्हटलं, त्यांनीही हात जोडले. आम्ही आत गेलो. अव्वानं एकदा सगळीकडं बघितलं आणि म्हणाली, "अगं, हरभरा." परक्या गावात अचानक माहेरचं कुणी भेटावं तसा तिचा आवाज होता. आल्यापासून इतकं मोकळं ती काहीच बोलली नव्हती. मला बरं वाटलं.

कोपऱ्यातला एक हीटर नीट चालत नव्हता. हेलन बाई आणि मी दाराशी त्याबद्दल बोलत उभ्या राहिलो. ते बोलणं झालं आणि मी वळून बघितलं, तर अव्वा रांगेच्या मध्यापर्यंत पोचली होती. दोन्ही हात चालू होते. अंगठा आणि बोट, अंगठा आणि बोट, आवाजसुद्धा होत नाही. कोटाचे दोन्ही खिसे फुगले होते आणि त्यांतून हिरवे शेंडे वर आले होते.

"अव्वा."

"रोपं निस्ती उंच चाललीत," ती हात न थांबवता म्हणाली. "खुडाया पायजेत. हितं कुणी बगतंय का न्हाई ह्यांच्याकडं?"

माझा सगळा प्रयोग त्या रांगांत होता. अर्ध्या कुंड्यांना पाणी, अर्ध्यांचं तोडलेलं. तहानलेलं रोप किती वाढतं, किती फांद्या धरतं, पहिलं फूल कधी काढतं, हे सगळं मोजायचं होतं. शेंडा खुडलेल्या रोपाचं यातलं काहीही मोजण्यात अर्थ नसतो. ते रोप मरत नाही, उलट चांगलं फोफावतं, पण प्रयोगातून बाद होतं.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणं अव्वाला समजतं, ती दुप्पट ओरडते आणि विषय मिटतो. मी त्या तीन वर्षांत जसं बोलायला शिकले होते तसं बोलले, सावकाश, आवाज न चढवता, आणि तेही पुस्तकी मराठीत. "अव्वा, ह्यांना हात लावायचा नव्हता. हे माझं काम आहे."

तिचे हात थांबले. मग तिनं पहिल्यांदा कुंड्यांतल्या पांढऱ्या पट्ट्यांकडं बघितलं. एक एक करत सगळी रांग बघितली. आणि मग तिनं खिशात हात घातला, मूठभर शेंडे काढले आणि माझ्यापुढं धरले. परत घे, म्हणून. मी विज्ञान शिकलेली बाई, पण त्या क्षणी मला खरोखर वाटलं की घ्यावेत आणि एकेक जिथल्या तिथं बसवावा.

हेलन बाई रांगेच्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. 'इंटरेस्टिंग' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "सोमवारी पुन्हा पेरू." मग अव्वाच्या खिशांकडं बघून त्यांनी विचारलं की ह्याचं त्या काय करणार होत्या. मी म्हटलं, खायचं असतं. ह्या बाईंचं सगळं आयुष्य हरभऱ्यात गेलं होतं आणि त्याचा पाला खातात हे त्यांना वाचून माहीत होतं, खाल्लेला मात्र कधी नव्हता. कुंड्यांवर कसली फवारणी नाही, हे त्यांनीच आठवून सांगितलं, आणि संध्याकाळी जेवायला येऊ का, असंही त्यांनीच विचारलं.

अव्वानं लसूण-मिरची घालून पाल्याची भाजी केली, वरनं बेसन भुरभुरवलं, भाकरी थापली. आधी चिमूटभर लिंगापुढं ठेवली. हेलन बाईंनी पहिला घास घेतला, आंबटपणा लागला तसे डोळे घट्ट मिटले, आणि पुन्हा ताट पुढं केलं. एरवी पाहुण्याच्या ताटात न विचारता वाढणारी अव्वा त्या दिवशी माझ्याकडं बघून मग वाढत होती. मी माझा प्रयोग भाकरीबरोबर खाल्ला. भाजी फक्कड झाली होती, आणि तसं कबूल करायला माझी हरकत नाही.

मग येळवस आली. मार्गशीर्षातली ही अमावस्या आमच्या लातूरकडं दिवाळीपेक्षा मोठी. शहर ओस पडतं, सगळे रानात जातात, कडब्याची कोप उभी करून तिच्यात पूजा मांडतात, शेंगभाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबिल जेवतात, आणि वाटेनं जाईल त्याचा हात धरून त्याला पंगतीला बसवतात. नांदेडात आता मी त्या दिवशी रजा टाकते तेव्हा कॉलेजातले लोक विचारतात, ही कसली सुट्टी, आणि डबा आणला की विचारायचं थांबतात. लग्नानंतर अव्वाची चुकलेली ती पहिली येळवस होती. अप्पांनी रानातूनच फोन लावला. मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. माझ्याशी दोन वाक्यं बोलून ते म्हणाले, "अव्वाला दे."

अव्वा फोन घेऊन बाथरूममध्ये गेली, आतून कडी लावली आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली आणि म्हणाली, "च्या ठिवू का?"

"काय सांगितलंस अप्पांना?"

"जे बगितलं ते."

एवढ्यावर तिनं मला वाटेला लावलं. मी मात्र काय ते समजले. ग्रीनहाऊसमध्ये तिनं माझा चेहरा बघितला होता, आवाज ऐकला होता. असा आवाज असलेली पोरगी कुठली परत येते, असंच तिनं सांगितलं असणार. मला वाईट वाटलं आणि थोडं सुटल्यासारखंही वाटलं. जे मला ठरवता येत नव्हतं ते त्या दोघांनी माझ्यावतीनं ठरवून टाकलं, असं मी धरून चालले.

अव्वा घरी परतली. प्रयोग पुन्हा पेरला, त्यामुळे माझी मुदत आणखी एक हंगाम वाढली. त्यावरून अप्पांनी अव्वाला पुढं कैक वर्षं छळलं. कुणी पाहुणा आला की सुरू व्हायचे, "हिला पोरगीला बगाया पाठिवलं, तर ही पोरीचा मुक्कामच वाढवून आली. आणाया गेलतीस का ठिवाया?" अव्वा म्हणायची, "तुमी जायचं व्हतं मग." हे दोघांचं ठरलेलं होतं, पाहुण्याला हसावं लागायचं.

दुसऱ्यांदा प्रयोग नीट पार पडला. आणि नंतर मी परत आले. का आले, ह्याची मी प्रसंग बघून वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. नोकरीच्या मुलाखतीत एक, सत्काराच्या भाषणात दुसरं. त्यातली मातृभूमी वगैरे भरताड काढून टाकली तर एवढंच उरतं की तिथं रोपांना तहान आम्ही ठरवून द्यायचो. नळ आमच्या हातात होता. मला जो हरभरा समजून घ्यायचा होता, त्याची तहान कुणाच्या हातात नसते. तो इथं होता. आणि घराची आठवण येत होती, हेही खरंच, पण ती पहिल्या दिवसापासून येत होती, तेवढ्यानं माणूस परत येत नाही.

मी आले तेव्हा अप्पांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. बस स्टँडवर न्यायला आले, माझी बॅग स्कूटरच्या पुढं ठेवली, आणि तुरीचा भाव सांगितला. रानातला विहिरीपासून लांबचा, उजव्या अंगाचा तुकडा त्यांनी त्या वर्षी पेरला नव्हता. कारण विचारलं तर म्हणाले, खामखा बियाणं वाया कशाला घालवायचं. मला वाटलं, म्हातारपणी अंगावर काम नको म्हणून राहिला असेल. पुढं मी माझ्या वाणांच्या चाचणीसाठी जमीन शोधायला लागले. भोकरकडच्या दोन शेतकऱ्यांनी दिली, आणि अप्पांनी हा तुकडा दिला.

तेव्हापासून आमच्या रानात डाव्या अंगाला घरचा हरभरा आणि उजव्या अंगाला माझा, पांढऱ्या पट्ट्यांचा. आणि तेव्हापासून अव्वा बांधावर उभी राहून विचारते, "हे खुडू का?"

जिनं उभ्या आयुष्यात कुणाच्या रानात शिरताना कुणाला विचारलं नाही, ती स्वतःच्या रानात मला विचारते. मला ते दरवर्षी लागतं. 'हे काय विचारणं झालं, रान तुझं आहे' असं म्हणायचं असतं आणि म्हणता येत नाही, कारण मला खरंच सांगावं लागतं. "डाव्या अंगाचं खुड, अव्वा. पट्ट्यांचं राहू दे." ती "बरं" म्हणते आणि डावीकडं जाते. तिच्या 'बरं'मध्ये राग नसतो. राग असता तर मला त्याचं काहीतरी करता आलं असतं. मी परत आले, नांदेडात घर केलं, दर सणाला लातूरला जाते, तरी त्या एका प्रश्नापाशी मला वाटतं की अप्पांनी तिला जे बघायला पाठवलं होतं त्याचं उत्तर 'नाही' असंच निघालं. बाई आली, पण पोरगी तिकडंच राहिली.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघं रानात होतो. अव्वानं विचारलं, मी सांगितलं, ती डाव्या अंगाला गेली आणि वाकली. अप्पा आता जास्त चालत नाहीत, ते बांधावर बसले होते. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारलं. त्या येळवसला, फोनवर, अव्वानं काय सांगितलं होतं?

अप्पांना आठवायला वेळ लागला नाही.

"येती म्हणली. फिकीर करू नका, पोरगी येती. पर आता आपल्याच रानात तिला इचारून खुडावं लागंल, म्हणली."

डाव्या अंगाला अव्वाची ओटी भरत आली होती. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या काय म्हणणार," अप्पा म्हणाले. "इचारू म्हणलो."